आजीची गोष्ट, संकलकाचं पुस्तक आणि आलेली नोटीस

प्रश्न विचारणारे गृहस्थ मूळचे खानापूर तालुक्यातले, नोकरीनिमित्त पुण्यात. आजी ऐंशीच्या पुढची. रेणुकेची गोष्ट ती ओव्यांसकट सांगते, मधेच कन्नडात शिरते आणि मराठीत कधी परत येते ते ऐकणाऱ्यालाही कळत नाही. नातवाने दोन दिवाळ्यांच्या सुट्टीत फोनवर ते सगळं टिपलं, चार तुकडे यूट्यूबवर टाकले आणि पुस्तक करायला घेतलं. आता वकिलाची नोटीस आली आहे. १९७४ साली छापलेल्या एका लोककथासंग्रहाचे संकलक १९९६ साली वारले. त्यांच्या मुलाचं म्हणणं असं, की या कथा आमच्या वडिलांच्या पुस्तकातल्या. व्हिडिओ काढा, पुस्तक थांबवा, तीन लाख भरा. यांचा सवाल: यल्लम्माची, म्हणजे रेणुकेचीच, गोष्ट कुणा एकाच्या मालकीची होऊ शकते का? आणि जाता जाता जोडप्रश्न: गोकाककडच्या एका पारिजात मंडळीचा, म्हणजे कृष्ण-पारिजाताचं कन्नड लोकनाट्य करणाऱ्यांचा, खेळ त्यांनी रात्रभर बसून चित्रित केलाय, त्यातली पदं मराठीत करून पुस्तकात घालावीत का?

मी बेळगावात चोवीस वर्षं वकिली करते. वाटणीचे आणि जमिनीचे दावे हे पोटाचं काम. नाटक मंडळं, भजनी मंडळं, हौशी प्रकाशक हे सवडीचं गिऱ्हाईक. फी कमी, चहा जास्त. त्या चहातून जे शिकले ते सांगते.

मालकीचं उत्तर एका शब्दात: नाही. रेणुका, जमदग्नी, परशुराम महाभारतात आहेत. रेणुका वाळूचा घडा करून, डोक्यावर सापाची चुंबळ ठेवून मलप्रभेचं पाणी आणायची आणि एकदा तिचं लक्ष ढळलं तसा घडा होईना, हे आमच्याकडच्या पोरांना शाळेत नाव घालण्याआधी माहीत असतं. मलप्रभा तुमच्याच तालुक्यात कणकुंबीला उगम पावते, म्हणजे गोष्टीचं पाणीही तुमच्याच गावाकडून वाहतं म्हणा. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद यांच्या खटल्यात सांगून ठेवलंय की कल्पना, विषय, कथानक, ऐतिहासिक किंवा पौराणिक गोष्टी यांवर कॉपीराइट नसतो. तो असतो त्या मांडण्याच्या पद्धतीवर, शब्दांवर, रचनेवर. एकाच विषयावर दोघांनी लिहिलं तर थोडं साम्य येणारच. एकाने दुसऱ्याचा ऐवज उचललाय असं वाचणाऱ्याला स्वच्छ दिसलं पाहिजे.

पण तुम्ही विचारलेला प्रश्न आणि तुमची अडचण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गोष्ट कुणाची, यावर कोर्टात तुमच्याशी कुणी भांडणार नाही. भांडण होईल ते तुमच्या पानावरचं वाक्य कुठून आलं यावर. आजीच्या तोंडून आलं असेल तर तुम्ही मोकळे. १९७४ च्या पुस्तकातून आलं असेल, मग ते तुमच्या नकळत का असेना, तर तुम्ही अडकला. आणि हे तुमचं तुम्हालाच आधी शोधून काढावं लागेल, वकिलाला नंतर.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. वकिलीच्या चौथ्या वर्षी एका महिला भजनी मंडळाने यल्लम्माच्या गाण्यांची पुस्तिका छापायला घेतली. मला विचारलं, छापू का? मी फाईलही न उघडता म्हणाले, "लोकगीतं आहेत, बिनधास्त छापा." पाचशे प्रती निघाल्या. तीन महिन्यांत एका दिवंगत शिक्षकांच्या घरची माणसं त्यांचं जुनं पुस्तक घेऊन ऑफिसात आली. दोन्ही पुस्तकं टेबलावर शेजारी ठेवून मी लाल आणि निळी पेन्सिल घेऊन बसले. एकेचाळीस गाण्यांपैकी चौतीस कुणालाही येतील अशी. उरलेल्या सातांत मात्र नदीच्या उताराजवळ रेणुकेला एक मैत्रीण भेटत होती, 'आज वळून बघू नको' म्हणून बजावत होती. आम्ही चार गावांत विचारलं. ही मैत्रीण कुणालाच माहीत नव्हती. मास्तरांनी ती घातली होती, बहुधा रेणुकेला बोलायला कुणीतरी हवं म्हणून. आणि तसं त्यांनी प्रस्तावनेत, सहाव्या पानावर, सरळ लिहिलंही होतं: ओघासाठी काही ओव्या नव्याने जुळवल्या आहेत.

त्याहून वाईट पुढे होतं. मास्तरांच्या पुस्तकात छपाईचे खिळे जुळवताना एका ठिकाणी 'चुंबळी'चं 'चुंबकी' झालं होतं. आमच्या पुस्तिकेतही रेणुकेच्या डोक्यावर 'चुंबकीचा साप' होता. छापील चूक तोंडातून येत नाही. मंडळातल्या एका सुनेने वाचनालयातून पुस्तक आणून सात गाणी उतरवून घेतली होती, बाकीच्यांना वाटलं तिला सासूकडून आलीत. शेवटी तडजोड झाली: उरलेल्या प्रती मागे घेतल्या, पंधरा हजार दिले, नव्या आवृत्तीत ती गाणी गाळली. मंडळातल्या बायका मला एक शब्दही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

म्हणून तुमचं पहिलं काम: ते १९७४ चं पुस्तक मिळवा. नोटिशीसोबत प्रत नसेल तर मागा, तो तुमचा हक्कच समजा. बेळगावातल्या किंवा खानापुरातल्या जुन्या वाचनालयातही सापडेल. आधी प्रस्तावना वाचा. संकलकाने कुठल्या गावांतून, कुणाकडून गोष्टी घेतल्या हे त्यात बहुतेक वेळा असतं. त्यात तुमच्याच गावाचं किंवा शेजारच्या वाडीचं नाव निघालं तर साम्याचं कारण तिथेच मिळालं: दोघांनी एकाच विहिरीचं पाणी काढलंय. मग एका बाजूला आजीचं रेकॉर्डिंग जसंच्या तसं, अडखळण्यासकट उतरवा; दुसऱ्या बाजूला छापील मजकूर; तिसऱ्या बाजूला तुमच्या पुस्तकाचा खर्डा. जे पहिल्या रकान्यात आहे ते तिसऱ्यात असायला हरकत नाही. जे पहिल्यात नाही आणि दुसऱ्या-तिसऱ्यात आहे, त्याला लाल खूण. सुशिक्षित नातवाला आजीची वाक्यं 'नीट' करायची हौस असते, आणि नीट करताना कुठलं तरी वाचलेलं वाक्य हाताला येतं. लाल खुणा बहुतेक तिथेच निघतात.

एक गुंता आधीच सांगून ठेवते. आजींनी स्वतःच ते पुस्तक वाचलेलं, नाहीतर कुणीतरी वाचून दाखवलेलं असू शकतं. तोंडी परंपरा आणि छापील परंपरा आपल्याकडे कधीच सोवळ्यात वेगळ्या राहिल्या नाहीत. पोथी देवळात वाचली जायची, बाई घरी येऊन ती आपल्या ओव्यांत सांगायची. तेव्हा आजींना सहज विचारा: घरात गोष्टींचं पुस्तक होतं का, ही ओवी कुणाकडून आली, लग्नाआधीची की नंतरची. 'ही माझ्या आईची, ही सासरी शिकले' असं आमच्या बायका एकेका ओवीबद्दल सांगू शकतात. एखादा तुकडा पुस्तकातूनच आजीकडे आला असेल तर तो गाळा, किंवा वारसांची परवानगी घ्या. 'आजीने सांगितलं' एवढं म्हटल्याने मूळ लेखकाचा शब्द तुमचा होत नाही.

आता समोरच्या बाजूचं. 'आमच्या वडिलांनी पायाला फोड येईपर्यंत गावं पालथी घातली' हे नोटिशीत असणारच, आणि ते खरंही असेल. पण नुसत्या कष्टांवर कॉपीराइट मिळत नाही. २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने कायद्याच्या निकालपत्रांच्या संपादनाबाबत हेच सांगितलं: मूळ मजकूर सार्वजनिक असेल तर संपादकाचा हक्क त्याने स्वतःच्या बुद्धीने, कौशल्याने घातलेल्या भागापुरता. म्हणजे प्रस्तावना, टिपा, निवड आणि मांडणी, नव्याने लिहिलेली वाक्यं, ती मैत्रीण, हे संकलकाचं. ओवी त्याची नाही. मला स्वतःला हा नियम कोर्टात पटतो आणि घरी आल्यावर जरा टोचतो. त्या पिढीतल्या शिक्षकांनी पदरमोड करून हे जमवलं नसतं तर निम्मं आज उरलंच नसतं. म्हणून हक्क नसला तरी ऋणनिर्देश करा, ठळक करा. निम्मी भांडणं पैशाची नसतात. वडिलांचं नाव नाही याची असतात.

मुदतीचा हिशेब. लेखक हयात असताना छापलेल्या लिखाणाला लेखकाच्या मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं. १९९६ साली गेलेल्या संकलकाचा हक्क ३१ डिसेंबर २०५६ पर्यंत. १९९२ च्या दुरुस्तीआधी ही मुदत ५० होती; रवींद्रनाथांचे हक्क संपत आले होते म्हणून वाढवली गेली. या हिशेबाने पठ्ठे बापूराव १९४५ साली गेले, त्यांच्या लावण्या २००६ पासून मोकळ्या. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं लिखाण २०११ पासून. आमच्या बेळगावच्या इंदिरा संत २००० साली गेल्या, त्यांच्या ओळी २०६० अखेरपर्यंत विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत. कोवाडच्या रणजित देसाईंचं २०५२ अखेरपर्यंत. जत्रेत मिळायच्या त्या लेखकाचं नाव नसलेल्या चोपड्यांना छापल्यापासून ६० वर्षं, पण मधेच लेखक कोण ते उघड झालं तर हिशेब पुन्हा त्याच्या मृत्यूवर जातो. जुन्या पोथीची नवी आवृत्ती असेल तर पोथी मोकळी, संपादकाच्या टिपा बांधलेल्या.

नोटीस पाठवणाऱ्याला हक्क आहे का, हेही बघा. वडिलांचं पुस्तक म्हणजे आपोआप या एकाच मुलाचं होत नाही. मृत्युपत्र आहे का, भाऊ-बहिणी आहेत का, वडिलांनी प्रकाशकाला हक्क कायमचे लिहून दिले होते का? हक्क देण्याचा करार लेखी आणि सही केलेला लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षंच धरतात, पण ही तरतूद १९९४ ची दुरुस्ती लागू झाल्यानंतरच्या करारांना. १९७४ चा कागद वाचूनच बोलावं लागेल. आणि केंद्राचा कायदा असल्यामुळे सीमेच्या अलीकडे-पलीकडे नियम एकच. आमच्याकडे लोक विचारतात, "पुस्तक कोल्हापुरात छापलं तर चालेल का ओ?" नाही चालणार. उलट फिर्यादी जिथे राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात तो दावा लावू शकतो, म्हणजे तारखांना एसटीने तुम्हालाच फिरावं लागेल.

आता ज्या माणसाबद्दल तुम्ही विचारलंच नाही तिच्याबद्दल: आजी. गोष्ट सगळ्यांची असली तरी तिने ती सांगितली, गायली, तो प्रयोग तिचा. कायद्यात सादरकर्त्याच्या व्याख्येत नट, गायक, नर्तक यांच्याबरोबर डोंबारी, जादूगार आणि गारुडीसुद्धा आहेत. आजी नक्कीच बसते. सादरीकरणाच्या पुढच्या वर्षापासून ५० वर्षं तिच्या परवानगीशिवाय ते रेकॉर्ड करून वापरता येत नाही, आणि सादरकर्ती म्हणून तिचं नाव यावं हाही तिचा हक्क. नातवाला कुठली परवानगी, असं वाटेल. पण उद्या चार चुलत भावंडं उभी राहतात हे मी वाटणीच्या दाव्यांत रोज बघते. एक साधा कागद करा, तिला वाचून दाखवा, मराठीत; सही नाहीतर अंगठा घ्या, दोन साक्षीदार. पैसे मिळाले तर किती वाटा तिचा, ते लिहा. आणि हेही विचारा की यातलं काय छापू नये. सौंदत्तीला यल्लम्माच्या देवळात जाणाऱ्या बायकांची काही गाणी पूजेच्या वेळीच म्हणायची असतात. देवीच्या सेवेतल्या जोगतिणींची चौंडकं या वाद्यावरची काही पदं घराबाहेर न्यायला त्या नाखूश असतात. कायदा इथे मदतीला येत नाही, समाजाच्या परंपरेला मालक म्हणून मानणारी तरतूद कॉपीराइट कायद्यात नाही. इथे माणसाने माणसाला विचारायचं.

पारिजाताचं उत्तर याच वाटेने जातं, फक्त थर जास्त आहेत. नारदाने आणलेलं फूल, रुक्मिणीला मिळालं म्हणून रुसलेली सत्यभामा, ही कथा सगळ्यांची. गोकाक भागात हा खेळ रुजवणाऱ्यांत कुलगोडच्या तम्मण्णांचं नाव घेतात, ते एकोणिसाव्या शतकातले. ती जुनी पदं मोकळी. पण तुम्ही चित्रित केलेल्या रात्री जे म्हटलं गेलं त्यात मंडळीच्या मास्तरांनी परवा-परवा रचलेलं काय होतं, हे तुम्हाला ऐकून कळणार नाही. भाषांतराचा हक्क मूळ लेखकाचाच असतो, त्यामुळे नवं पद कन्नडातून मराठीत नेलं म्हणजे सुटलो असं होत नाही. आणि चित्रण वापरायला सगळ्या सादरकर्त्यांची संमती हवी. परत जा, मास्तरांपुढे बसा, एकेका पदाला 'हे जुनं की तुमचं?' विचारा. ते आनंदाने सांगतील, आणि जे त्यांचं आहे ते अभिमानाने सांगतील. मानधन ठरवा, नाव टाका.

परंपरेतला प्रकार आणि त्यातली एकाची नवी निर्मिती यांची सीमा कुठे, यावर आपल्याच राज्यातला एक खटला आहे. कन्नड लेखक शिवराम कारंतांनी यक्षगान या किनारपट्टीवरच्या लोकनाट्यात स्वतःची नवी नृत्यनाट्याची मांडणी केली आणि तिचे हक्क मृत्युपत्राने दिले. त्यांच्या पश्चात एका शिक्षणसंस्थेने ती शैली वापरून प्रयोग केला, आणि उडुपीच्या जिल्हा न्यायालयातून प्रकरण दिल्लीपर्यंत गेलं. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली कारंतांच्या निर्मितीवरचा हक्क मान्य केला, पण कायद्याच्या ५२ व्या कलमातल्या, परवानगीशिवाय वापराच्या सवलती संस्थेला घेता येतील असं स्पष्ट केलं. यक्षगान कुणाच्या मालकीचं झालं नाही. ते आजही किनारपट्टीवर रात्र-रात्र चालतं.

आणि घेण्या-देण्याची लाज बाळगायचं कारण नाही. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले, त्यावरून विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली मराठी नाटक उभं केलं. अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्यांनी कालिदास घेतला आणि १८८० साली मराठी संगीत नाटक दिलं. त्यांना कुणी नोटीस पाठवली असती तर आज मराठी माणूस कशावर माना डोलावत असता कोण जाणे.

पुस्तकाच्या प्रकाशनाला गावच्या यात्रेत खेळ करायचा बेत असेल तर ५२ व्या कलमाचाच एक तुकडा उपयोगी: हौशी मंडळाने बिनतिकीट किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेल्या प्रयोगाला परवानगी लागत नाही. मात्र स्त्री पात्रं बाहेरून मानधनावर आणली की 'हौशी' शब्दावर समोरचा वकील बोट ठेवतो. त्यापेक्षा नाटककाराला पोस्टकार्ड टाका; बहुतेक जण नारळावर परवानगी देतात.

यूट्यूबवरचे व्हिडिओ घाईने उडवू नका, आधी फाईली तारखेसकट दोन ठिकाणी जपून ठेवा. तुमच्याकडचा सगळ्यात मोठा पुरावा तोच आहे. कायद्याप्रमाणे लेखी तक्रारीनंतर असा मजकूर २१ दिवसांपुरता बंद ठेवता येतो; तक्रारदाराने तेवढ्यात कोर्टाचा हुकूम आणला नाही तर तो परत सुरू करता येतो.

नोटिशीतल्या तीन लाखांना घाबरू नका. तो आकडा वकिलाने टाइप केलाय, न्यायाधीशाने नाही. बिनबुडाच्या धमकीविरुद्ध तुम्हालाच दावा लावायची सोय ६० व्या कलमात आहे. पण उत्तर मुदतीत द्या, स्थानिक वकिलाकडून, आणि सभ्य भाषेत. त्यात एवढंच विचारा: आमचा कुठला मजकूर तुमच्या कुठल्या पानावरचा आहे, ओळीला ओळ दाखवा, आणि हक्क तुमच्याकडे आल्याचे कागद पाठवा. तुमच्या रकान्यांत लाल खुणा निघाल्या असतील तर तेवढा भाग थांबवत असल्याचं कळवा. नसतील तर तसं लिहा, रेकॉर्डिंगच्या तारखा द्या.

त्याआधी गावी जाऊन या. गोष्टीत रेणुकेचं लक्ष कशाने ढळलं ते आजींना विचारा: गंधर्व समोर पाण्यात खेळत होते, की त्यांची सावली पाण्यात दिसली? मी ऐकलेल्या गावांत हे वेगवेगळं सांगतात. १९७४ च्या पुस्तकात यातलं एकच असणार. विचारताना फोन चालू ठेवा, आणि पुस्तक पिशवीतच राहू द्या.